एक स्वयंभू मूळ संख्या



कवायतीच्या तासाला तुम्हांला मैदानावर रांगांमध्ये उभे करतात. वर्गात २४ मुले हजर असतील, तर सहा-सहा मुलांच्या चार रांगा होतात. आठ-आठ मुलांच्या तीन रांगाही होतात. पण एक मुलगा गैरहजर राहिला आणि २३ मुले उरली, तर काय होईल? दोन-दोनच्या रांगा करा, तीन-तीनच्या करा किंवा पाच-पाचच्या करा, शेवटच्या रांगेत मुले कमी पडणारच. सगळ्यांना एकाच लांब रांगेत उभे केले, तरच हिशेब जुळतो.

२३ सारख्या संख्येला मराठीत मूळ संख्या म्हणतात. तुमच्या उर्दू गणिताच्या पुस्तकात तिला मुफरद अदद म्हटले आहे. जिला १ आणि ती स्वतः यांशिवाय दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. २४ ही मात्र संयुक्त संख्या, म्हणजे मुरक्कब अदद आहे. २, ३, ५, ७, ११, १३ या सुरुवातीच्या मूळ संख्या तुम्हांला तोंडपाठ असतील.

या पाठात आपण एका फार मोठ्या मूळ संख्येची ओळख करून घेणार आहोत. ती इतकी मोठी आहे की या पुस्तकात तर राहोच, तुमच्या शाळेतील सगळ्या फळ्यांवरही ती मावणार नाही. तिचा शोध अमेरिकेत लागला. पण तिचा एक खास गुण ओळखण्याची कल्पना आपल्या महाराष्ट्रातील एका शाळामास्तरांची आहे. त्या मास्तरांचे शिक्षण आपल्या पुण्यातच झाले होते.

प्रथम त्या मास्तरांची ओळख करून घेऊ. त्यांचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. लहानपणापासून त्यांना आकडेमोडीची आणि गणिती कोड्यांची आवड होती. महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे या महाविद्यालयाचे प्राचार्य होऊन गेले होते. १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवून 'सीनियर रँग्लर' झालेले ते पहिले भारतीय. त्यांच्या नावाने गणितातील स्वतंत्र कामासाठी एक पारितोषिक दिले जात असे. १९२७ साली ते कापरेकरांना मिळाले. फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना त्या महाविद्यालयाचे आवार तुम्ही अनेकदा पाहिले असेल.

पुढे कापरेकर नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळेत शिक्षक झाले आणि निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. पदवीच्या पुढचे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. तरी शाळा सांभाळून ते संख्यांचा अभ्यास करीत राहिले. ६१७४ या संख्येचा त्यांनी शोधलेला चमत्कार तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करा. जास्तीत जास्त सात वेळा असे केले की ६१७४ हे उत्तर येते. उदाहरणार्थ, ३५२४ घेतली, तर ५४३२ − २३४५ = ३०८७; ८७३० − ०३७८ = ८३५२; ८५३२ − २३५८ = ६१७४.

पण आपल्याला आज कापरेकरांचा दुसरा एक शोध हवा आहे. तो याहूनही सोपा आहे.

कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. १६ घेतली, तर १ + ६ = ७ आणि १६ + ७ = २३. म्हणजे १६ पासून २३ तयार झाली. म्हणून १६ ही २३ ची जनक संख्या आहे असे म्हणू. २३ पासून पुढे २३ + ५ = २८ तयार होते. २८ पासून २८ + १० = ३८ तयार होते. अशी साखळी हवी तितकी लांबवता येते. काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ + १० = १०१ आणि १०० + १ = १०१. म्हणून १०१ ला ९१ आणि १०० असे दोन जनक आहेत. जेथे दोन साखळ्या येऊन मिळतात, अशा संख्येला कापरेकरांनी जंक्शन असे नाव दिले. रेल्वेच्या दोन वाटा जेथे मिळतात त्या स्थानकाला आपण हेच म्हणतो ना?

आता उलटा प्रश्न विचारा. जिला एकही जनक नाही, अशी संख्या असेल का? आहे. ३१ घ्या. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून पाहा, उत्तर ३१ कधीच येणार नाही. अशा संख्येला कापरेकरांनी स्वयंभू संख्या म्हटले. 'स्वयं' म्हणजे खुद. स्वयंभू म्हणजे जी दुसऱ्या कोणापासून झालेली नाही, आपली आपणच आहे अशी. १०० पर्यंत अशा तेरा संख्या आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. यांतील ३, ५, ७, ३१, ५३ आणि ९७ या सहा संख्या मूळही आहेत आणि स्वयंभूही आहेत. त्यांना आपण स्वयंभू मूळ संख्या म्हणू.

ही दोन नावे सारखी वाटली तरी त्यांचा अर्थ वेगळा आहे. मूळ संख्या गुणाकाराने तयार होत नाही. स्वयंभू संख्या कापरेकरांच्या बेरजेने तयार होत नाही. २३ मूळ आहे, पण स्वयंभू नाही. २० स्वयंभू आहे, पण मूळ नाही. एका गुणावरून दुसऱ्या गुणाचा अंदाज करता येत नाही.

आता आपल्या मोठ्या संख्येकडे वळू. २ ला २ ने पुन्हा पुन्हा गुणत गेले की ४, ८, १६, ३२ असे २ चे घात मिळतात. त्यांतून १ वजा केला की ३, ७, १५, ३१ या संख्या येतात. यांपैकी काही मूळ असतात. सुमारे चारशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील मारँ मर्सेन या पाद्र्याने अशा संख्यांचा अभ्यास केला, म्हणून त्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात.

अशी संख्या मूळ असायची असेल, तर तिचा घातांकही मूळच असावा लागतो. घातांक ६ घेतला, तर ६४ − १ = ६३. सहाला २ ने आणि ३ ने भाग जातो. म्हणून ६३ लाही २ चा दुसरा घात उणे १ म्हणजे ३ ने, आणि २ चा तिसरा घात उणे १ म्हणजे ७ ने भाग जातो. मात्र घातांक मूळ असला की काम झाले असे समजू नका. ११ हा घातांक मूळ आहे, पण २ चा ११ वा घात उणे १ म्हणजे २०४७. आणि २०४७ = २३ × ८९. म्हणून प्रत्येक संख्या स्वतंत्रपणे तपासावी लागते.

या शोधासाठी १९९६ साली अमेरिकेतील जॉर्ज वोल्टमन यांनी एक मोहीम सुरू केली. जगभरचे हजारो लोक आपापल्या संगणकांवर थोडे थोडे काम वाटून घेतात आणि संख्या तपासतात. या मोहिमेत भाग घेणाऱ्या जोश फिंडली यांच्या संगणकावर मे २००४ मध्ये एक नवी मूळ संख्या सापडली. ती अशी : २ चा २,४०,३६,५८३ वा घात उणे १. लहानापासून मोजत आले तर ही ४१ वी मर्सेन मूळ संख्या आहे. सोयीसाठी तिला आपण 'मोठी' असे नाव देऊ.

'मोठी' किती मोठी आहे? तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. समजा, तुमच्या वहीच्या एका पानावर २५ ओळी आहेत आणि एका ओळीत तुम्ही ४० अंक लिहिता. म्हणजे एका पानावर १,००० अंक मावतील. 'मोठी' लिहायला ७,२३६ पाने लागतील. दोनशे पानी ३६ वह्या भरून ३७ वी उघडावी लागेल. सेकंदाला एक अंक या वेगाने रोज आठ तास लिहीत बसलात, तरी ही संख्या लिहून व्हायला आठ महिन्यांहून अधिक काळ लागेल.

एवढी मोठी संख्या न लिहिता तिच्याविषयी काही सांगता येईल का? येईल. गणिताची गंमत येथेच आहे. तिचा शेवटचा अंक तुम्हीही काढू शकता. २ च्या घातांचे शेवटचे अंक २, ४, ८, ६ या क्रमाने पुन्हा पुन्हा येतात. आपला घातांक २,४०,३६,५८३ आहे. त्याला ४ ने भागले की बाकी ३ उरते. म्हणून घाताचा शेवटचा अंक क्रमातील तिसरा, म्हणजे ८. त्यातून १ गेला की ७. तेव्हा 'मोठी'चा शेवटचा अंक ७ आहे. तिची सुरुवात २९९४१ या अंकांनी होते. दोन अंकी पद्धतीत, म्हणजे संगणक ज्या ० आणि १ च्या पद्धतीने मोजतो त्या पद्धतीत, ती लिहिली तर सगळे अंक १ च येतात. ओळीने २,४०,३६,५८३ वेळा १!

तिचा आणखी एक गुण पाहा. ६ चे विभाजक १, २ आणि ३ आहेत (६ स्वतः सोडून) आणि १ + २ + ३ = ६. तसेच २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४ मिळवले तर २८ च येतात. अशा संख्यांना परिपूर्ण संख्या म्हणतात. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या मिळते. ३ × २ = ६, ७ × ४ = २८, ३१ × १६ = ४९६. याचप्रमाणे 'मोठी'ला २ च्या २,४०,३६,५८२ व्या घाताने गुणले की एक प्रचंड परिपूर्ण संख्या तयार होते. सर्व सम परिपूर्ण संख्या याच रीतीने मिळत असाव्यात, असे सुमारे हजार वर्षांपूर्वी बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम या थोर शास्त्रज्ञाने म्हटले होते. त्याची सिद्धता पुढे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने दिली.

आता तुम्ही विचाराल, एवढी मोठी संख्या मूळ आहे हे कसे कळले? २, ३, ५, ७ असे प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे म्हटले, तर जगातील सर्व संगणकांनाही ते जमणार नाही. पण मर्सेन संख्यांसाठी एक खास परीक्षा आहे. ल्युका आणि लेमर या दोन गणितज्ञांच्या नावाने ती ओळखली जाते. ती आपण ३१ वर करून पाहू. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात उणे १.

४ पासून सुरुवात करा. त्याचा वर्ग करून २ वजा करा : १६ − २ = १४. पुन्हा वर्ग करून २ वजा करा : १९६ − २ = १९४. हे ३१ पेक्षा मोठे झाले, म्हणून ३१ ने भागून बाकी घ्या : ८. पुन्हा तीच क्रिया : ६४ − २ = ६२. ६२ ला ३१ ने भागले की बाकी ०. घातांक ५ आहे, म्हणून ५ − २ = ३ पायऱ्या करायच्या होत्या. तिसऱ्या पायरीवर बाकी ० आली, म्हणून ३१ मूळ आहे. ० आली नसती, तर संख्या संयुक्त ठरली असती.

'मोठी'ची परीक्षा अगदी अशीच आहे. फरक एवढाच की पायऱ्या तीन नसून २,४०,३६,५८१ आहेत आणि प्रत्येक पायरीवर लाखो अंकी संख्येचा वर्ग करावा लागतो. फिंडली यांच्या संगणकाला या कामासाठी दोन आठवड्यांहून थोडा अधिक वेळ लागला. शेवटी बाकी ० आली.

येथवर 'मोठी' मूळ आहे हे ठरले. आता कापरेकरांचा प्रश्न विचारू. ती स्वयंभू आहे का?

आधी तिच्या लहान बहिणींकडे पाहू. ३, ७ आणि ३१ या पहिल्या तीन मर्सेन मूळ संख्या स्वयंभू आहेत. मग सगळ्याच तशा असतील काय? चौथी मर्सेन मूळ संख्या १२७ आहे. १२२ च्या अंकांची बेरीज ५ आणि १२२ + ५ = १२७. म्हणजे १२७ ला जनक आहे. ती स्वयंभू नाही! पाचवी संख्या ८१९१. ८१६८ च्या अंकांची बेरीज २३ आणि ८१६८ + २३ = ८१९१. तीही स्वयंभू नाही.

तीन उदाहरणे पाहून आपण नियम करायला निघालो होतो. चौथ्या उदाहरणाने तो मोडला. हे नीट लक्षात ठेवा. गणितात चार-दोन उदाहरणे पटली म्हणून नियम सिद्ध होत नाही.

मग 'मोठी'चे काय? तिचा जनक शोधायला तिच्याआधीच्या सगळ्या संख्या तपासायच्या काय? नाही. थोडा विचार केला की काम कसे झपाट्याने कमी होते ते पाहा.

पहिली पायरी. कोणताही अंक ९ पेक्षा मोठा नसतो. म्हणून ७२,३५,७३३ अंकी संख्येच्या अंकांची बेरीज जास्तीत जास्त ७२,३५,७३३ × ९ = ६,५१,२१,५९७ होईल. जनक संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की 'मोठी' यायला हवी. तेव्हा जनक असलाच, तर तो 'मोठी'च्या मागे या अंतरातच असणार. त्याहून मागच्या संख्यांकडे पाहायचे कारण नाही.

दुसरी पायरी. एखाद्या संख्येला ९ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागल्यावर उरते. २ च्या घातांना ९ ने भागत गेले, तर बाकी २, ४, ८, ७, ५, १ अशी सहा-सहाच्या क्रमाने येते. आपल्या घातांकाला ६ ने भागले की बाकी १ उरते. म्हणून २ च्या त्या घाताची बाकी २, आणि १ वजा केल्यावर 'मोठी'ची बाकी १. आता जनकाची बाकी आणि त्याच्या अंकांच्या बेरजेची बाकी सारखीच असते. म्हणून त्या बाकीची दुप्पट केली आणि ९ ने भागले, तर १ उरायला हवा. १ ते ८ यांत अशी एकच संख्या आहे : ५. कारण ५ + ५ = १० आणि १० ला ९ ने भागून बाकी १. म्हणजे जनक असेल तर त्याची बाकी ५ च हवी. नऊ संख्यांपैकी एकच तपासायची! 'मोठी'तून ५, १४, २३, ३२ असे वजा करत जायचे. सहा कोटी एक्कावन्न लाखांवरून उमेदवारांची संख्या बरोबर ७२,३५,७३३ वर आली. संख्येत जितके अंक, तितकेच उमेदवार!

ही रीत १२७ वर ताडून पाहा. तिचीही ९ ने भागून बाकी १ उरते आणि तिचे अंक तीन. म्हणून उमेदवार तीनच : १२२, ११३ आणि १०४. त्यांतील पहिलाच जनक निघतो.

तिसरी पायरी. 'मोठी'चे शेवटचे आठ अंक बाजूला ठेवा. उरलेल्या लांबलचक आकड्याला पुढचा भाग म्हणू. आपल्याला सात कोटींपेक्षाही कमी मागे जायचे आहे आणि ही संख्या आठच अंकी आहे. म्हणून वजाबाकी करताना पुढच्या भागाकडून फार तर एक हातचा घ्यावा लागेल. तेव्हा जनकाचा पुढचा भाग एक तर 'मोठी'च्या पुढच्या भागाइतकाच असेल किंवा त्याहून १ ने कमी असेल. तिसरा मार्ग नाही. या दोन्ही वेळी पुढच्या भागातील अंकांची बेरीज ठरलेलीच आहे. बदलतात ते फक्त शेवटचे आठ अंक, आणि त्यांची बेरीज ० ते ७२ यांच्यामध्येच असते. म्हणून जनकाच्या सर्व अंकांची बेरीज ओळीने येणाऱ्या ७३ संख्यांपैकीच एक असणार. त्यांतही ९ ने भागून बाकी ५ हवी. अशा संख्या जास्तीत जास्त ९. दोन्ही प्रकार मिळून जास्तीत जास्त १८.

पाहिलेत? बाहत्तर लाखांवरून आपण अठरांवर आलो. लाखो अंकांची बेरीज एकदा करायची आणि मग विसापेक्षाही कमी उमेदवार तपासायचे. जी संख्या लिहायला ३७ वह्या लागतात, तिच्याविषयीचा प्रश्न एवढ्याशा तपासणीने सुटतो.

उत्तर काय आले असेल? १२७ आणि ८१९१ यांचीही ९ ने भागून बाकी १ च आहे आणि त्या दोघींना जनक आहेत. यावरून तुम्ही म्हणाल की 'मोठी'लाही जनक असेल. पण ऑक्टोबर २००६ मध्ये ल्यूक पेबडी यांनी दाखवून दिले की 'मोठी'ला एकही जनक नाही. ती स्वयंभू आहे! त्या वेळी तिच्यापेक्षा मोठ्या आणखी तीन मर्सेन मूळ संख्या माहीत झाल्या होत्या, पण त्यांतील एकही स्वयंभू नव्हती. म्हणून त्या काळी माहीत असलेली सर्वांत मोठी स्वयंभू मूळ संख्या हा मान 'मोठी'ला मिळाला.

मूळ संख्यांचा शोध त्यानंतरही थांबलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांनी २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १ ही मूळ संख्या शोधली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सर्वांत मोठी अशी मूळ संख्या असूच शकत नाही, हे युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे. पण मर्सेन मूळ संख्या अनंत आहेत की कोठे तरी संपतात, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

काही जण विचारतील, याचा उपयोग काय? बँकेचे व्यवहार आणि संगणकावरील गुप्त संदेश सुरक्षित ठेवण्यासाठी मूळ संख्या वापरतात हे खरे. पण त्यासाठी काही शेकडो अंकी संख्या पुरतात. बाहत्तर लाख अंकी संख्येची तेथे गरज नसते. मोठ्या मूळ संख्यांच्या शोधात संगणकांची कसून परीक्षा होते आणि मोठे गुणाकार झटपट करण्याच्या रीती सुधारतात. हा एक लाभ झाला. दुसरा लाभ असा की, जी वस्तू डोळ्यांपुढे मांडता येत नाही तिच्याविषयीही खात्रीने कसे बोलावे, हे त्यातून शिकता येते.

कापरेकरांच्या हयातीत अनेक विद्वानांनी त्यांचे काम किरकोळ समजले. अंकांची बेरीज करणे हे काय गणित झाले, असे त्यांना वाटे. आपल्या कित्येक पुस्तिका त्यांना स्वखर्चाने छापाव्या लागल्या. १९७५ साली अमेरिकेतील मार्टिन गार्डनर या लेखकाने आपल्या गणितविषयक सदरात त्यांच्याविषयी लिहिले आणि देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर झाले. १९८६ साली कापरेकर वारले. 'मोठी' सापडली ती त्यानंतर अठरा वर्षांनी. तिला स्वयंभू म्हणायचे की नाही हे मात्र त्यांनी विचारलेल्या साध्या प्रश्नानेच ठरले.

तो प्रश्न विचारायला मोठा संगणक लागत नाही. वही आणि पेन्सिल पुरे. आता तुम्हीच करून पाहा. २ × ३ × ५ × ७ + १ = २११. ही संख्या मूळ आहे का? त्यासाठी १३ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहा. मग ती स्वयंभू आहे का ते शोधा. तिचे अंक तीन आहेत, म्हणून उमेदवारही तीनच असतील. ते कोणते, हे ९ ने भागून ठरवा. उत्तर शेजाऱ्याला विचारू नका. तिन्ही उमेदवार स्वतः तपासा आणि मगच वहीत लिहा.